खडूची रेघ

२ नोव्हेंबर १९६१

शारदा आली! दुपारच्या एस्टीनं, औरंगाबादहून — नवऱ्यासकट आणि चिवड्याच्या डब्यासकट. शाळेत आम्ही दोघी एकाच बाकावर बसायचो. आज मीच ओरडले, "तिथंच थांब! रेघेच्या बाहेर." मला क्षय झाला तेव्हा, मार्चमध्ये, यांनी माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी खडूनं रेघ मारली. मास्तरांच्या घरी खडूला काय तोटा! नाना सात वर्षांचा आहे, त्याला सांगून कळतं. शामली साडेतीनची. तिला कारण कळत नाही, रेघ कळते. पलीकडे बसून मला बाहुली दाखवते.

शारदेच्या नवऱ्यानं, गोपाळकृष्णरावांनी, शामलीला बत्तासा दिला. तिनं तो गालात ठेवला आणि त्यांचं बोट धरलं. सुरुवात तर बरी झाली.

४ नोव्हेंबर

सगळी हातलादेवीच्या डोंगरावर गेली, डबे घेऊन. मी खाटेवर. घर इतकं गप्प की पालीचा आवाज ऐकू येतो.

दसऱ्याला मीच शारदेला लिहिलं होतं — माझी शामली तुझ्या ओटीत घे. दहा वर्षं झाली लग्नाला, तिला मूल नाही. नाना बापाजवळ निभावेल. पण पोरीचं काय? मी गेल्यावर या घरात कोण येईल, कशी येईल! मला सावत्र आई होती. मला कुणी शिकवू नये.

यांना पटत नाही. म्हणतात, "सोलापूरला छातीचा फोटो काढलाय, डॉक्टरांचं पत्र तरी येऊ दे." काय यायचंय त्यात? नव्वद इंजेक्शनं टोचून घेतली. खोकला आहे तिथंच आहे.

७ नोव्हेंबर

पहाटेची आंघोळ. शारदेनं शामलीला तेल-उटणं लावलं. डोळ्यात गेलं तशी पोर किंचाळली, "आई गं!" आणि हात पसरले — शारदेकडे. शारदेनं पदरानं डोळे पुसले.

हेच हवं होतं ना मला? हवं होतं. मग दिवसभर तुळजाबाईवर का खेकसत होते? बिचारी आठ महिने आमच्या घरचा स्वयंपाक करतेय. शेवटी म्हणाली, "वैनी, माझ्यावर कशाला चिडता? लेकराला बोलवा की जवळ. लांबून तरी बोला." नाही बोलावलं. सवय मोडायला नको.

१० नोव्हेंबर

भाऊबीज. शामलीनं नानाला ओवाळलं, निम्मं तेल पाटावर. त्यानं तिला आपली निळी गोटी दिली — जी तो कुणाला हातसुद्धा लावू देत नाही! म्हणाला, "पुढच्या वर्षी याहून मोठी देईन."

त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. मला धीर होत नाही.

१२ नोव्हेंबर

आज मी हट्टच केला. नळदुर्गला मीही येणार! गाडीत मागच्या खिडकीशी बसले, तोंडाला पदर. किल्ल्यात पाणी अजून पडत होतं, बारीक धार. पाणीमहालाच्या पायऱ्या मला झेपल्या नाहीत. वरच सतरंजीवर बसले. खाली ती सगळी — शामली शारदेच्या कडेवर, नाना उड्या मारत पुढं. कुणी परका बघता तर म्हणाला असता, काय छान कुटुंब आहे.

शामलीनं वर बघून हात हलवला. मीही जोरात हलवला. मग लक्षात आलं, माझ्या मागं तटावर माकडं होती. मला हसू आलं आणि मग पुरतं रडूच आलं.

शारदा एकटी वर आली. चार हात लांब बसली. म्हणाली, "एक आत्ताच सांगते. तू बरी झालीस तरी मी परत देणार नाही. मला ते जमायचं नाही."

मी म्हटलं, "वेडी आहेस. तशी वेळ यायची नाही." वर हसले. खोकल्याची उबळ येईपर्यंत हसले.

१४ नोव्हेंबर

वकील आणि गुरुजी येऊन गेले. गुरुजी निक्षून म्हणाले, "बाई, दत्तक दिलेलं लेकरू परत घेता येत न्हाई. कायदाही तसाच आहे आता. पुन्हा इचार करा."

हे म्हणाले, "पंधरा दिवस. फक्त पत्र येईपर्यंत." मी म्हटलं, गोपाळकृष्णरावांची रजा शुक्रवारी संपते. मला माझ्या डोळ्यांदेखत व्हायला हवं. मेल्यावर कुणी काय केलं ते मी कुठून बघणार? हे उठून अंगणात गेले. परत आले ते सही करायलाच. अकरा वर्षांत एकदाही माझ्याशी जिंकले नाहीत.

१६ नोव्हेंबर

झालं.

मूल आईबापांनी दोघांनी मिळून द्यायचं असतं. हे म्हणाले, तू लांबूनच बोट लाव. मी ऐकलं नाही. तोंडाला पदर घट्ट बांधला आणि उचललं तिला. आठ महिन्यांनी! केवढी जड झाली आहे! केसांना शारदेच्या तेलाचा वास. पोर अंग ताठ करून मागं सरली. "आईला हात लावायचा नाही! रेघ आहे!" गुरुजींचा मंत्र थांबला.

मग मी तिला शारदेच्या ओटीत ठेवलं. तिथं ती लगेच सैल झाली.

१७ नोव्हेंबर

शामली सकाळच्या गाडीनं गेली. रडली नाही. मी शिकवलं तसंच झालं. नाना कालपासून माझ्याशी बोलत नाही.

१ डिसेंबर

सोलापूरचं पत्र आलं. डाग भरून आले आहेत. थुंकीत दोष नाही. औषध चालू ठेवावं, मुलांना जवळ घ्यायला हरकत नाही.

यांनी तीनदा वाचलं आणि खाली बसले. तुळजाबाई देवापुढं साखर ठेवून आली. मी ओलं फडकं घेऊन रेघ पुसली. नाना उंबऱ्यात उभा होता. एक पाऊल आत टाकलं, थांबला, मग धावत येऊन गळ्यात पडला. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा बोलला —

"आता शामलीला कधी आणायचं?"