दुसरी खूण

डेटन, ओहायो
९ डिसेंबर

चि. सौ. ओपल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर मला हल्ली नुसती घूंघूं ऐकू येते, म्हणून ही कानउघाडणी पत्रातून करतोय. तुझी नव्हे, तुझ्या नवऱ्याची.

कारखान्यातल्या जुन्या मंडळींच्या जेवणाला आपल्या गावाकडचा एकजण भेटला. तो सांगत होता की या खेपेला झोपडीवाले रिपब्लिकन जेलरच्या निवडणुकीला माणूस उभा करणार. गेल्या तिन्ही वेळा त्यांनी वेंडेलसमोर कोणी दिलाच नाही, कारण देऊन उपयोग नव्हता. आता दिवस पालटलेत. आपल्या लहानपणी केंटकीतला माणूस वॉशिंग्टनसाठी पक्ष बघायचा आणि गावातल्या खुर्च्यांसाठी माणूस. आता मतपत्रिकेच्या माथ्यावरची रिपब्लिकनांची झोपडी रंगवली की वरपासून खालपर्यंत त्यांच्या सगळ्यांना एका दमात मत, आणि लोक घरी जेवायला मोकळे. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. तुमच्या डेमोक्रॅटांच्या चिन्हावरचा कोंबडा मात्र कितीही आरवला तरी तिकडे आता उजाडायचं नाही.

तेव्हा वर्ष संपायच्या आत वेंडेलला पक्ष बदलायला सांग. एक जानेवारी उजाडली की त्याला झोपडीवाल्यांकडून उभं राहता येणार नाही. एका सहीचं तर काम आहे. आपलं घराणं पणजोबा यादवी युद्धात लढले तेव्हापासून झोपडीचं. जावई उशिरा का होईना, घरी आला म्हणू. खुर्ची गेली की जेलरचं घरही जातं, हे तुला मी सांगायला नको. आपल्या आईला घेऊन या वयात कुठे बिऱ्हाड हलवाल?

माझ्या बोलण्याचा राग धरलास तर चालेल, पण माया तेवढी आटवू नकोस.

तुझा,
डेल्मर


जेलरचं घर
६ जानेवारी

ती. डेल्मरदादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी वेंडेलला जेवताना वाचून दाखवलं. तो उसळीत मक्याचा पाव कुस्करत ऐकत होता. मग म्हणाला की कोठडीला कुलूप लावताना मी कोणाला पक्ष विचारत नाही, तर लोक मला का विचारतील. मी म्हटलं, विचारतीलच. त्यावर म्हणाला की त्याच्या वडिलांना कोटावर कोंबड्याचा बिल्ला लावून पुरलंय आणि त्याला रोज त्या दफनभूमीवरून जावं लागतं.

वर्ष संपलं, सही झाली नाही. दादा, मला त्याचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी धास्तीही वाटली. मी फार रेटलं नाही. माझ्या नवऱ्यापुढे आणि खेचरापुढे कोणी किती बोलावं, हे तुला माहीत आहे.

आई खुशाल आहे. कैद्यांसाठी मोजे विणते, आणि ते आवारात आले की खिडकीतून त्यांना दाढी करा म्हणून रागावते. हे घर सरकारी आहे, हे तिच्या गावीही नाही.

वहिनीला नमस्कार. आमच्यावर रागव, पण रागावल्याचं लिहून कळवत जा.

तुझी,
ओपल


जेलरचं घर
१७ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण मी दारोदार फिरतेय. वेंडेलच्या समोर कोल्बी स्टिडम नावाचा माणूस आहे. जुन्या होड्या विकतो म्हणे. त्यानं गावात एक पाटीसुद्धा लावलेली नाही. लोक म्हणतात, तो फ्लोरिडात मासे धरतोय. धरेना बापडा, त्याला झोपडीची सावली पुरते.

मी लोकांना एवढंच शिकवते की झोपडी रंगवायची तर खुशाल रंगवा. पण मग खाली जेलरच्या जागेपर्यंत उतरा आणि वेंडेलच्या नावापुढचा गोल वेगळा काळा करा. त्या जागेपुरती ही दुसरी खूणच धरतात. सगळे मान डोलावतात. नंदीबैलसुद्धा इतकी डोलावत नसेल.

क्वेसेनबेरीबाईंकडे गेले होते. त्यांचा मुलगा कोठडीत असताना त्याचा बाप वारला, तेव्हा वेंडेलनं त्याला स्वतःच्या गाडीतून नेलं आणि मातीच्या आधी बेड्या काढल्या. बाई माझा हात धरून रडल्या, सफरचंदाचा केक दिला, त्याच्यासारखा माणूस नाही म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या की त्या कोंबड्याच्या बाजूला पेन टेकवायला हात धजत नाही गं, वॉशिंग्टनची ती माणसं डोळ्यांसमोर येतात. मी सांगितलं की वेंडेलला वॉशिंग्टन नकाशावरही दाखवता येणार नाही. बाई हसल्या. मत देतील की नाही, मला कळलं नाही.

ज्यांना वेंडेलची खरी किंमत ठाऊक आहे ते आमच्याच कोठड्यांत आहेत, आणि बहुतेकांना मताचा हक्क नाही. यावर तो स्वतःच हसतो. मला आताशा हसू येत नाही. पूर आल्यावर उंबऱ्याशी झाडू घेऊन उभं राहावं, तसं झालंय माझं.

प्रार्थना कर. इतकी वर्षं लोभ केलास, तो नोव्हेंबरभर जरा जास्त कर.

तुझी,
ओपल


जेलरचं घर
१९ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

निकाल तुला कळलाच असेल. वेंडेल हरला, आणि थोडक्यात नव्हे. स्टिडम आता परतलाय. परवा पडद्यांची मापं घ्यायला बायकोला घेऊन आला होता. भला माणूस वाटला, हेच जास्त लागलं. त्यानं वेंडेलला विचारलं की कैद्यांना सकाळी किती वाजता उठवायचं असतं.

पोस्टात, चर्चमध्ये, दुकानात सगळे वेंडेलचा हात धरून सांगतात की आम्ही तर तुलाच दिलं. खोटं बोलत नाहीत रे, त्यांना तसंच वाटतं. क्वेसेनबेरीबाई आणखी एक केक घेऊन आल्या. वेंडेल प्रत्येकाला धन्यवाद म्हणतो.

आई धड जेवत नाही. कुठल्या मेल्यांनी हे केलं, नावं सांगा, त्यांच्या दारात जाऊन उभी राहते, म्हणते. काल मी बश्या कागदात गुंडाळत होते. ती वेंडेलला म्हणाली की तिनं आपलं नेहमीसारखं स्वच्छ काम केलं, झोपडीत एकच खूण. ओपल दोन सांगत होती, पण दोन खुणांनी मत बाद होतं, आणि जावयाच्या मताशी तिला जुगार खेळायचा नव्हता. तीनदा याच एका खुणेनं तर तो निवडून आला, म्हणाली.

दादा, तीनदा त्याच्यासमोर कोणी नव्हतंच. तिच्या खुणेचं त्याला कधी काही मिळालं नव्हतं आणि कधी काही गेलंही नव्हतं. या वेळेला गेलं, सरळ स्टिडमला. मी गावभर शिकवत हिंडले आणि माझ्याच स्वयंपाकघरात हरले. मी तोंड उघडलं, तेवढ्यात वेंडेलनं माझ्याकडे बघून नको म्हणून मान हलवली.

मग ती त्याला म्हणाली की चार वर्षांनी पुन्हा उभा राहा, जगले वाचले तर पुन्हा अशीच खूण करीन. वेंडेल तिच्यापुढे खाली बसला, तिचे हात हातात घेतले आणि म्हणाला, “तुमच्या जिवावरच तर उभा राहतो, आई.”

नवं वर्ष लागलं की घर सोडायचंय. तुझ्या तळघरातल्या खोलीत आम्ही तिघं येतो. आईला तू आधी एक वेगळं पत्र घाल. लोभ असेल तर त्यात तिच्या मताबद्दल तिचे आभार मान. रोज विचारते, डेल्मरनं त्याबद्दल काही लिहिलं का.

तुझी,
ओपल