संपूर्ण शरणागती, सूचनांसह

३ मार्च
सांगून टाकलं! चहा पिता पिता बायकोला म्हटलं, मला तुझ्या मालकीचं व्हायचंय. गळ्यात तुझी कॉलर, घरात तुझा शब्द अखेरचा. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, माझ्याकडेही तशीच बघत राहिली. मग हसून म्हणाली, माझ्याही मनात होतं. पण कॉलर तुझ्या गळ्यात मी घालेन, माझ्या वेळेला. आजपासून मी पूर्ण शरण. काय हलकं वाटतंय!

४ मार्च
तिला सोपं जावं म्हणून कोणत्या आज्ञा कधी द्यायच्या ते समजावलं. म्हणाली, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. कौतुकानेच म्हणाली असणार.

६ मार्च, संध्याकाळ
कुणालाही नको झालं तर थांबायचा एक शब्द ठरवायचा असतो. मी 'ब्रेक' सुचवला. ड्रायव्हिंग शिकवतो, तोंडात बसलेला शब्द. मग पहिली आज्ञा: गुडघ्यांवर बस, गप्प राहा. बसलो. स्वर्ग! तेवढ्यात ती मागे सरकली, मागे फुलदाणी. ओरडलो, ब्रेक! ती जागच्या जागी थांबली, शेजारी बसली, पाणी दिलं, त्रास झाला का विचारलं. त्रास फुलदाणीला होणार होता, असं सांगितलं. शब्द बदलला. आता 'भोपळा'.

९ मार्च
चामड्याचे पट्टे शिवणाऱ्याकडे जाऊन कॉलर सांगून आलो. विचारतो, कुत्रा केवढा? मापासाठी माझाच गळा पुढे केला. म्हणाला, अगदी तुमच्यावर गेलाय हो! घरी सांगितलं, तुझी खेप वाचवली. बायकोने पावती मागून घेतली. मालकिणीला शोभेलसा हिशेबीपणा.

१३ मार्च
माझी कॉलर तिने परत पाठवली. स्वतः निवडलेली आणली, बारीक, साधी, पितळी बकलाची. म्हणाली, मी ठरवणार, तू ऐकणार, आणि नको असेल तेव्हा सांगणार. कबूल? कबूल म्हणत मान पुढे केली. तिने बकल लावलं तेव्हा कानापर्यंत गुदगुल्या झाल्या. पुढे म्हणाली, उद्या दिवसभर मला एकही सूचना करायची नाही. जमलं तर ही कायमची तुझी. एवढंच? मला हसूच आलं.

१४ मार्च
मेहुणीकडे निघालो. गाडी ती चालवणार, मी मागे बसायचं, अशी आज्ञा. शर्टाआड कॉलर, छाती फुगलेली. फाटकापर्यंत शब्द काढला नाही. वळणावर फक्त खाकरलो. म्हणाली, खाकरायचंही नाही. नाही खाकरलो! पुढे चौकात ती इंडिकेटर न देता वळू लागली. मी सूचना केली नाही. वाकून, हात लांब करून इंडिकेटर लावला फक्त.

तिने गाडी कडेला घेतली. मागे येऊन बसली, हसून हसून डोळ्यांत पाणी. हलकेच बकल सोडलं, कॉलर पर्समध्ये टाकली, माझ्या कपाळाचा मुका घेतला. म्हणाली, पुढच्या महिन्यात बघू.

आज्ञा शिरसावंद्य. फक्त पुढचा महिना म्हणजे एक तारीख, हे तिला नीट समजावून सांगायला हवं.