सीटचा कोन

बाबा, मी शर्यती सोडल्या. गाडी क्लबातल्या एका मुलीला देऊन टाकली, हेल्मेट तेवढं घरी आणलं. आईला सांगितलं तर ती "बरं झालं" म्हणाली आणि पुन्हा भाजी चिरायला लागली. तुम्हाला यातलं बरंचसं ठाऊकच नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी एकदाही चॅम्पियन झाले नव्हते.

इथे जर्मनीत, झिंडेलफिंगेनच्या घरातलं ते स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. माझी शाळा संपलेली, गार्चिंगच्या विद्यापीठात इंजिनिअरिंगला जागा मिळालेली, आणि मी सांगते की मला जायचं नाही, गॅरेजमध्ये राहून आउसबिल्डुंग, म्हणजे मेकॅनिकची उमेदवारी करायचीय, हाताने काम शिकायचंय. आई कुकरपाशी थांबते. तुम्ही चहाचा कप खाली ठेवता. तेवढं तुम्ही चालवून घेतलंत. पण पाठोपाठ मी स्टॉक कार शर्यतींचं काढलं तेव्हा तुमचा आवाज बदलला. जुन्या गाड्यांच्या काचा काढायच्या, आत लोखंडी पिंजरा बसवायचा आणि मातीच्या गोल ट्रॅकवर एकमेकांना ढकलत पळवायच्या, हे तुम्हाला समजावून सांगावं लागलं नाही. तुम्ही क्रॅश टेस्टच्या विभागात होतात. नव्याकोऱ्या गाड्या भिंतीवर आपटायच्या आणि आतल्या पुतळ्याचं काय झालं ते मोजायचं, हेच तुमचं काम. "माणसं वाचावीत म्हणून मी गाड्या आपटतो," तुम्ही म्हणालात, "आणि तू गंमत म्हणून आपटणार?" मी नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये उत्तर दिलं. "मराठीत बोल," तुम्ही म्हणालात. मराठीत मला ते बोलता येईना, मग मी उठून गेले.

माझी शर्यत बघायला तुम्ही एकदाच आलात. सुरुवातीलाच मागून धक्का बसला आणि माझी गाडी उलटली. मी बेल्टला उलटी लटकलेली, नाकातोंडात माती. बाहेर सरपटत आले तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते आणि तुम्ही कठडा ओलांडून येत होतात; मागे एक स्वयंसेवक ओरडत होता. मला वाटलं, तुम्ही मला जवळ घ्याल.

"लागलं का?"

"नाही."

तुम्ही मला बाजूला केलंत, वाकून उलट्या गाडीत हात घातलात, बेल्ट ओढून पाहिलात. "सीटचा कोन चुकलाय. बेल्ट खांद्यावरून घसरतोय. पुढच्या वेळी मान जाईल."

पुढच्या वेळी, असं म्हणालात. ते मी तेव्हाही ऐकलं होतं.

मग कित्येक शनिवार तुम्ही क्लबाच्या शेडमध्ये आलात. आई पोळीभाजीचा डबा द्यायची, तो तुम्ही टायरच्या ढिगावर ठेवायचात. मला सीटवर बसवायचं, खांदे दाबून पाहायचे, उठवायचं, पुन्हा वेल्डिंग करायचं. क्लबातला म्हातारा मेकॅनिक विचारायचा, "फेर्टिग?" झालं का? तुम्ही मान हलवायचात, नाही. शेवटी एकदा हो म्हणालात. पण शर्यत बघायला पुन्हा आला नाहीत. "कामावर बघतो तेवढं पुरे," म्हणालात.

त्याच हिवाळ्यात तुमचं हृदय बंद पडलं. वसंतात सीझन सुरू झाला तेव्हा आई म्हणाली, "जा तू. घरात बसून काय करणार आहेस?" मी गेले, आणि त्या वर्षी चॅम्पियन झाले. पुढेही बऱ्याचदा झाले. सुरुवातीला पुरुष मुद्दाम माझ्या दारावर गाडी घालायचे. आधी मी त्यांना चुकवून पुढे निघायला शिकले, मग मीही घालायला शिकले. स्थानिक पेपरचा बातमीदार दर वर्षी विचारायचा, शर्यतीत वडील बरोबर आहेत असं वाटतं का? मी जर्मनमध्ये म्हणायचे, "या, गेनाऊ." हो, अगदी. तो तेच छापायचा.

खरं म्हणजे, बाबा, हिरवा झेंडा पडला की तुम्ही नसायचात. आई नसायची, गॅरेज नसायचं. पुढच्या गाडीचा बंपर आणि मातीत टायर कुठे धरतंय, एवढंच. बाकी सगळीकडे तुम्ही होतातच: पार्किंगमध्ये, डॉक्टरकडे, आईच्या प्रत्येक वाक्यात. त्या मातीतच काय ती मला सुट्टी मिळायची.

या वर्षी शेवटच्या शर्यतीपर्यंत मी गुणांत पुढे होते. वळणावर एका तरुण पोराची गाडी माझ्यासमोर आडवी झाली, त्याचं दार माझ्याकडे. ढकलून पुढे जाणं नियमात बसत होतं, आजवर मी तेच केलं होतं. आणि तेवढ्यात, ट्रॅकवर पहिल्यांदाच, तुम्ही आठवलात. कामावरून येऊन दाराशी बुटांची नाडी सोडत होतात, एवढंच. माझा पाय पेडलवरून उठला. पोरगं सावरलं, निघून गेलं, आणि चॅम्पियन झालं. नंतर हात मिळवायला आलं, आभार मानत "डांके" म्हणालं.

क्लबात मी सांगितलंय की मान दुखते, म्हणून सोडलं. आईलाही तेच सांगितलंय. मान अगदी ठणठणीत आहे, बाबा.