कुंभार पिंपळगावच्या जिनिंगचा निकाल

मी, चंदनबाई बद्रीनारायण झंवर, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार कुंभार पिंपळगाव, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना, पूर्ण शुद्धीवर राहून ही व्यवस्था लिहून ठेवते. वकीलसाहेब म्हणाले, ‘राजीखुशीने’ असं लिहा. राजी आहे, खुशी न्हाई. मरताना खोटं कशाला लिहू?

१. बाजारगल्लीतले राहते घर माझा मुलगा दीपचंद यास मिळावे. तो पुण्याला फ्लॅटमध्ये राहतो, दिवाळीलाही फिरकत न्हाई. घर विकणार हे मला ठाऊक आहे. विकू दे. गिऱ्हाईक मिळालं तर बालाजीची कृपा, कारण निम्मी गल्ली कुलपात आहे.

२. माझ्या सोन्याच्या बांगड्या धाकटी बहीण इचरजबाई हिला द्याव्यात. माझ्या जावेस चिंधीसुद्धा देऊ नये. एक्क्याऐंशी साली यजमान वारले तेव्हा तेराव्याच्या आतच ती ‘आता जिनिंग कोण, ही चालवणार?’ म्हणून हसल्ती. चालवून दाखवली.

३. सदर जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायची मशिनरी, इंजिन व पत्र्याचे शेड. सरकारी खरेदीचा कापूस आमच्याच आवारात यायचा. दसरा झाला की भोंगा वाजायचा, अन् गाडीवान, हमाल, रुई झाडणाऱ्या बाया, चहावाला, सगळ्यांच्या चुली त्यावर पेटायच्या. हंगामातली पहिली गाडी ज्याची, त्याला टोपी, टॉवेल, नारळ आणि बैलांना गूळ, ही सासऱ्यांपासूनची रीत.

मंग खरेदी केंद्र दुसरीकडं गेलं. लोक म्हणाले, शेड खताच्या गोदामाला द्या. मी बिलकुल दिली न्हाई. दर दसऱ्याला पट्टे चढवून इंजिन रिकामंच फिरवलं, टोपी-टॉवेल आणून ठेवला. वाटलं, फक्त सरकारलाच विकायचं बंधन सुटून कापूस आज ना उद्या मोकळा होईल. झाला की! पण तोवर मोठ्या रस्त्याला नव्या जिनिंगा उभ्या राहिल्या, त्यांचे ट्रक थेट शेतात जातात. बाजार बसतो, पण घेणारे कमी. मोसंबीच्या बागा वाळून सरपणाला गेल्या, पोरं शहागडला मजुरीला नेणाऱ्या ट्रकांची वाट बघत बसतात. ‘जालना सोने का पालना’ म्हणणाऱ्यांनी एकदा इकडं येऊन जावं.

दीपचंदने भंगारवाला गाठून ठेवला आहे. म्हणून सदर जिनिंग त्यास न मिळता, जन्मभर तिचं इंजिन सांभाळणारे मच्छिंद्र रखमाजी यांस मिळावी. त्यांनी ती कधीही भंगारात घालू नये.

४. वरील कलमाचा शेवट रद्द. वाचून दाखवला तर मच्छिंद्र हात जोडून म्हणाला, “बाईसाब, मला नका देऊ.”

“का रे? गंजली म्हणून?”

“न्हाई. माझा शिवाजी जालन्याला सळयांच्या कारखान्यात भट्टीवर हाय. गावोगावचं भंगार येतं तवरच भट्टी पेटती. आता भंगार मिळंना म्हणून पाळ्या बंद करून राह्यले. मी हितं लोखंड जपत बसू अन् पोराला घरी बसवू?”

मी त्याला लई बोलले. नमकहराम म्हणाले. मंग मला रडू आलं, वकिलासमोरच.

सबब, इंजिन, चाकं, पत्रे, सगळं लोखंड शिवाजीच्या भट्टीला द्यावं. त्यावर त्याचं काम किती दिवस चालंल, असं मी विचारलं. मच्छिंद्र म्हणाला, “एक पाळी निघंल, बाईसाब. बराबर एक.”

या व्यवस्थेविरुद्ध कोणीही, विशेषतः जावेने, तक्रार करू नये.

ठिकाण : कुंभार पिंपळगाव
दिनांक : १७ मे २००६

सही : चंदनबाई बद्रीनारायण झंवर

साक्षीदार, ज्यांच्या डोळ्यांदेखत मी सही केली :

१. काकासाहेब अप्पाराव तौर, शेजारी. (सही)

२. मच्छिंद्र रखमाजी, इंजिन ड्रायव्हर. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीला राहू नये, असं वकीलसाहेब सांगतात. ह्याला आता काहीच मिळत न्हाई. अंगठा घ्यावा.