उजवा स्पीकर माझ्याकडे, डावा तुझ्याकडे

तीर्थरूप ताईला धाकटीचा वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे अर्धीच वाकले आहे, उरलेलं तू समजून घे.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींची साखर आटोक्यात आहे ना? मागच्या वेळी आपण व्हिडिओवर बोललो तेव्हा मला तुझं कपाळ आणि तुमच्या छताचा पंखा एवढंच दिसत होतं. पंख्याची तब्येत उत्तम वाटली. फोन जरा खाली धरलास तर तुझीही कळेल. इकडे सगळं ठीक. माझं काम नेहमीचंच. दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवायच्या, घासायच्या आणि दातांच्या डॉक्टरांची बोलणी खायची, की पेशंट म्हणतोय दात फार तरुण दिसतात. हे निवृत्त झाल्यापासून पूर्णवेळ घरात असतात. याविषयी जास्त लिहीत नाही, तू अनुभवी आहेस.

फोन सोडून पत्र का लिहिते आहे, असं तुला वाटेल. फोनवर माझं वाक्य संपायच्या आत तू ‘बरं, ठेवू का?’ म्हणतेस. पत्र मधेच ठेवलंस तरी निदान मला कळत नाही, म्हणून मी शेवटपर्यंत बोलू शकते. शिवाय विषय गंभीर आहे आणि मला तुझा सल्ला हवा आहे. घरात गाणी ऐकायला कॉम्प्युटर जोडावा की स्ट्रीमर घ्यावा, हा तो विषय. (स्ट्रीमर म्हणजे काय ते भावोजींना विचारू नकोस, ते सांगत बसतील. मी दोन ओळींत सांगते. ती एक छोटी चपटी डबी असते. इंटरनेटवरची किंवा आपण साठवलेली गाणी ती उचलते आणि ॲम्प्लिफायरच्या हाती देते. बाकी काहीही करत नाही. घरात असं एखादं माणूस असावं, असं मला फार दिवसांपासून वाटत होतं.)

हे सगळं सुरू झालं कारण बाबांचा कॅसेट डेक गेला. अचानक नाही गेला. बरेच दिवस आजारी होता, कॅसेट गिळायचा आणि फीत बाहेर काढायचा. सुदैवाने तो जायच्या आधी यांनी बाबांच्या सगळ्या कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतल्या होत्या. निवृत्तीनंतर यांनी पूर्ण केलेलं हे पहिलं काम, आणि अजून तरी शेवटचंही. म्हणजे गाणी वाचली, पण ती कॉम्प्युटरच्या पोटात, आणि कॉम्प्युटर यांच्या खोलीत. बाहेरच्या खोलीत बाबांचा ॲम्प्लिफायर आणि बाबांनी स्वतः लाकूड कापून, खिळे ठोकून केलेल्या स्पीकरांच्या जोडीतला माझा स्पीकर. उजवा.

ताई, त्या वाटणीबद्दल मी आजवर कधी कुणाजवळ बोलले नाही, कारण बोलायला गेलं की लोक हसतात. पण चूक आपली नाही, बाबांची आहे. आपल्या घरात बिस्किटसुद्धा सुरीने दोन भाग करून दिलं जायचं, आणि कुणाचा भाग मोठा यावर भांडण झालं की मोठ्या भागाचा तुकडा बाबा स्वतः खायचे. दोघींना सारखं म्हणजे सारखं. अशा घरात वाढलेल्या मुली बाबांमागे सामान वाटायला बसल्या तर दुसरं काय होणार? सहा कपांतले तीन तुला, तीन मला. कॅसेट डेक, कॅसेट आणि ॲम्प्लिफायर मला, त्याबदल्यात रेकॉर्ड प्लेयर आणि सगळ्या तबकड्या तुला. शब्दकोशाचा पहिला खंड तुला, दुसरा मला. (त्यामुळे ‘कवळी’ हा माझ्या पोटापाण्याचा शब्दही तुझ्याकडे आहे. अर्थ मी अंदाजाने लावते.) कात्री तेवढी वाचली, कारण तिचा स्क्रू गंजला होता. आणि स्पीकर. तू म्हणालीस, मी कायम डावीकडे झोपायचे, डावा मला दे. मी म्हणाले, मग उजवा माझा. दोघींनाही त्या वेळी ते इतकं बरोबर वाटलं की सामान नेणारा हमाल ‘जोडी आहे ना ही?’ असं म्हणाला तेव्हा आपण त्यालाच गप्प केलं.

तेव्हापासून मी अर्धी गाणी ऐकते आहे. बाबांची जी आवडती जुनी रेकॉर्डिंग आहेत ना, त्यांत गाणाऱ्यांना एका बाजूला आणि वाजवणाऱ्यांना दुसऱ्या बाजूला बसवायची पद्धत होती. माझ्या वाट्याला सगळे वाजवणारे आले. गाणारी माणसं तुझ्याकडे गेली. मी तबला, सारंगी ऐकत बसते आणि मधले शब्द मनात म्हणते. सवय झाली आहे. तुझ्याकडे उलट होत असेल. नुसता गवई गातोय आणि साथीला कोणी आलेलंच नाही, असं तुला वाटतं का गं? हे मी तुला कधी विचारलंच नाही.

तर मूळ मुद्दा. यांचं म्हणणं, घरात कॉम्प्युटर असताना नवीन डबी कशाला? असतील शिते तर जमतील भुते, असं काहीतरी ते म्हणाले. म्हण इथे लागू पडत नाही हे मी सांगितलं, पण तोवर त्यांनी कॉम्प्युटर बाहेर आणून स्टुलावर ठेवला होता. त्या कॉम्प्युटरला पंखा आहे आणि तो गाणं हळू झालं की जोरात फिरतो. त्यावर यांनी उपाय काढला, आवाज वाढवायचा. वाढवला. मग सारंगी अगदी रडकुंडीला आली असताना ‘टिंग’ झालं, कारण यांना गॅसच्या बिलाची मेल आली. हे सगळं मी सोसलं असतं. पण एका सकाळी यांनी वायर न काढताच जुन्या ऑफिसातल्या मंडळींशी मीटिंग सुरू केली. कुणाची बढती कशी झाली, कुणाच्या जावयाने काय केलं, हे सगळं बाबांच्या ॲम्प्लिफायरमधून सबंध इमारतीने ऐकलं. खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई आता मला जिन्यात थांबवून त्या जावयाचं पुढे काय झालं ते विचारतात.

तरीही मी कॉम्प्युटरला आणखी एक संधी दिली. आमच्या कवळ्यांच्या प्रयोगशाळेला काम देणारे एक वयस्कर दातांचे डॉक्टर आहेत, कानसेन माणूस. त्यांना चहाला बोलावलं, म्हटलं बाबांचा संग्रह ऐकवते. ते येऊन बसले, डोळे मिटले, आणि कॉम्प्युटरने स्वतःला सुधारायला घेतलं. पडद्यावर अक्षरं आली, की काम चालू आहे, बंद करू नका. डॉक्टरांनी चहा घेतला. दुसरा घेतला. मग एका पेशंटच्या दाढेविषयी बोलून ते उठले आणि जाताना म्हणाले, छान वाटलं, फार शांत वाटलं. टोमणा होता की कौतुक ते मला अजून कळलेलं नाही.

मग मी दुकानात गेले. दुकानदार कुजबुजत्या आवाजात बोलतो, जणू आत कोणी आजारी आहे. त्याच्याकडे गाणी ऐकायची वेगळी खोली आहे. जाड गालिचा, मधोमध एकच खुर्ची, आणि समोर दोन बाजूंना दोन स्पीकर. मला बसवून त्याने विचारलं, काय लावू? मी बाबांचं ते शनिवारचं गाणं सांगितलं. (कुठलं ते तुला माहीत आहे. बाबा दाढी करताना लावायचे आणि कापून घ्यायचे.) स्ट्रीमरने ते शोधलं, लावलं. उजवीकडे माझी सारंगी सुरू झाली, ओळखीची, रोजची. आणि मग डावीकडून ती बाई गायला लागली.

ताई, मी रडले. अगदी हुंदके देऊन, परक्या माणसाच्या दुकानात. मी विसरूनच गेले होते की त्या गाण्यात खरंच कोणी गातं. दुकानदाराला वाटलं हा त्याच्या डबीचा प्रताप. तो म्हणाला, पहिल्यांदा ऐकलं की बऱ्याच जणांना असं होतं, आणि त्याने महागातला स्ट्रीमर पुढे सरकवला. मग विचारलं, घरी स्पीकर कोणते? मी म्हटलं, एक. तो म्हणाला, एक जोडी. मी म्हटलं, नाही, एक. कुणी खालच्याच कवळीची मागणी घेऊन आलं की आमचे डॉक्टर जसे बघतात, तसं त्याने माझ्याकडे बघितलं. तो म्हणाला, बाई, मग कॉम्प्युटर काय नि स्ट्रीमर काय, आधी दुसरा स्पीकर आणा. मी म्हटलं, तो बहिणीकडे आहे. तो म्हणाला, मग त्यांच्याकडून आणा. मी म्हटलं, मग तिच्याकडे काय उरेल? पण माणूस भला. म्हणाला, स्ट्रीमर घरी घेऊन जा, वापरून बघा, आवडला तर ठेवा.

घरी आणून तो जोडला आणि बाबांच्या कॅसेटमधलं काहीतरी लावावं म्हणून यादी पाहत होते. यांनी उतरवताना नावं दिली आहेत ती यांच्या पद्धतीने, ‘कॅसेट बाजू दोन, नीट’, ‘कॅसेट बाजू दोन, नीट नाही’. मी ‘नीट नाही’ लावली. गाणं नव्हतंच. बाबांनी घसा साफ केला, आणि मग माझा आवाज आला. दात पडलेल्या वयातला.

तुला आठवतं का? बाबांनी नवीन माइकची जोडी आणली होती. तुला डाव्या माइकसमोर बसवलं, मला उजव्या, आणि दोघींचे आवाज एकमेकींत मिसळू नयेत म्हणून मधे गादी उभी केली. आणि म्हणाले, बोला काहीतरी. मला तू दिसत नव्हतीस. तर माझ्या स्पीकरमधून मी विचारते, ताई, मासे झोपतात का? मग शांतता. मी म्हणते, मग डोळे का मिटत नाहीत? शांतता. मग मी खो खो हसते, कशाला ते कळत नाही. मग मी म्हणते, ताई, तू आहेस ना तिकडे? आणि काहीच नाही. नुसती खरखर. मी पुन्हा विचारते, ताई?

मी तिथेच बंद केलं. हे वर्तमानपत्र घेऊन बसले होते, ते काही न बोलता उठले. (काही न बोलता, हे लक्षात घे.) त्यांनी त्यांचा कॉम्प्युटर परत आणला, कुठेतरी काहीतरी दाबलं, आणि म्हणाले, आता दोन्ही बाजू एकातूनच येतील, स्ट्रीमरलाही हे जमत असेल, पण मला इथलं माहीत आहे. लावलं. तू बोललीस, ताई. मासे झोपतात, पण आई ओरडली तर लगेच उठतात, असं म्हणालीस, म्हणून मी हसत होते. आणि मी विचारलं, तू आहेस ना तिकडे? तर तू म्हणालीस, आहे गं, मी कुठे जाणार?

पण ते तू माझ्या जागेवरून म्हणालीस. उजवीकडून. मी सवयीने डावीकडे बघितलं. तिथे इस्त्रीचं टेबल आहे.

यांनी विचारलं, मग कॉम्प्युटर की स्ट्रीमर? मी म्हटलं, ताईला विचारून सांगते. म्हणून हे पत्र. तू नीट विचार करून कळव, घाई नाही. भावोजींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता.क. सल्ला लिहायला घेतला असशील तर राहू दे. स्ट्रीमर मी ठेवून घेतला. दुकानदाराला कळवलंसुद्धा. यांचा कॉम्प्युटर यांच्या खोलीत परत गेला आहे आणि दोघेही तिथे सुखात आहेत.

ता.क. २. खरं काम आता सांगते. तू इकडे ये, आणि येताना डावा स्पीकर आण. चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवलास तर मावेल, आम्ही माझा तसाच आणला होता. भावोजींनाही आण. ते आणि हे एकमेकांना समजावून सांगत बसतील, आपल्याला त्रास नाही. दोन्ही स्पीकर समोर मांडू आणि ती ‘नीट नाही’ बाजू दोघी मिळून ऐकू. जाताना तुझा तू घेऊन जा. वाटणी मोडायची नाही, हे मला मान्य आहे.

ता.क. ३. पाकीट बंद केलं होतं, ते पुन्हा उघडलं. स्पीकर जड आहे, गुडघा दुखतो, गाडीत जागा नाही, असं करत तू येणं पुढच्या महिन्यावर नेशील आणि मग त्याच्या पुढच्या. मी ओळखते तुला. म्हणून सांगते, स्पीकर नको आणूस. अजिबात नको. एवढं लांबलचक पत्र मी त्या स्पीकरसाठी लिहिलेलं नाही. इस्त्रीचं टेबल मी आजच हलवलं आहे. तू ये ना, ताई.