दारापासून सहा पावलं

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. मागची वही डिसेंबरात हरवली. त्यात माझा दोष नाही, घरात जागाच कमी आहे.

आमच्या डूला-ग्रुपच्या अध्यक्षबाईंचा फोन आला होता. पाच एप्रिलला नव्या मुलींसाठी वर्कशॉप आहे आणि त्यात मी बोलायचं आहे. विषय: बाळंतपणाला घरातलं मोठं मूल हजर असेल तर डूलाने आपली मर्यादा कशी सांभाळावी. दुसरं कोण बोलणार म्हणा. बारा वर्षं झाली मला. या मुलींना अजून एवढंही सांगता येत नाही की डूला म्हणजे नर्स नव्हे, आया नव्हे. बाळंत होणाऱ्या बाईला शेवटपर्यंत सोबत करते ती डूला. बस.

नियम लिहून काढले. एक, डूला आईची असते, मुलाची नाही. दोन, हजर राहणाऱ्या मुलासोबत त्याचं स्वतःचं एक मोठं माणूस हवं, आणि त्या माणसाच्या मागे दुसरं काम नको. तीन, डूलाच्या बॅगेत खेळणी नकोत. संध्याकाळी लॅमिनेट करून आणले. चकचकीत दिसतात.

६ फेब्रुवारी
नवी केस. आठवा महिना. बाई घरीच शिवणकाम करते, पुढच्या खोलीत मशीन आणि चिंध्यांचा ढीग. नवरा लांब नोकरीला, बाळंतपणापर्यंत पोचेल की नाही सांगता येत नाही. पहिली मुलगी पाच वर्षांची. एका जागी टिकत नाही म्हणून मी तिचं नाव भिंगरी ठेवलं. बाईची इच्छा आहे की बाळ येताना भिंगरीही खोलीत असावी. भिंगरीचीही आहे. प्रसूतिगृहाची हरकत नाही.

बाईने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. पहिल्या वेळी ती शेवटचे दोन तास एकटीच होती. खाटेचा लोखंडी दांडा धरून बसली होती, म्हणाली, तो गार स्पर्श अजून हाताला आठवतो. या वेळी तेवढा माझा हात सोडू नका, ताई. मी म्हटलं, सोडणार नाही, शब्द दिला. घरी येऊन कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलं: हात सोडायचा नाही.

नियमांचा कागद दाखवला. भिंगरीसाठी तिची आत्या नेमली. आत्या एका शाळेच्या ऑफिसात आहे. बोलणं मोजकं, केस घट्ट बांधलेले. मुलांशी वागणं हिला कितपत जमेल, शंका आहे. पण तो माझा प्रांत नाही.

१५ फेब्रुवारी
बाईबरोबर श्वासाचा सराव करायचा होता, पाऊण तास. तो दहा मिनिटं झाला. बाकीचा वेळ भिंगरीला बाळ कसं येतं ते समजावण्यात गेला. चिंध्यांची बाहुली केली, पोटात बटणाचं बाळ. भिंगरी हसून हसून लोळली. हा नियमभंग नाही, ही पूर्वतयारी आहे. भाषणात सांगता येईल.

आत्याने एक डबा आणला होता. त्यात स्टिकरचं पुस्तक, पाण्याची बाटली, जादा मोजे. मी प्रेमाने सांगितलं की मुलांना वस्तू नको असतात, माणूस हवं असतं. आत्याने डब्याचं झाकण लावलं.

निघताना भिंगरीने विचारलं, बाळ येताना दार बंद करणार का? मी म्हटलं, मी आहे ना. तिने पुन्हा विचारलं, पण दार?

घरी येताना बसमधून एक स्टॉप पुढे उतरले. गर्दी होती.

१६ फेब्रुवारी, रविवार
मुलीचा फोन. नेहमीप्रमाणे चार मिनिटं. तिकडे थंडी आहे, तब्येत बरी, काम खूप. अठ्ठावीस वर्षांची झाली, पण बोलते बँकेतल्या बाईसारखी.

माझ्या दुसऱ्या बाळंतपणाला ती सहा वर्षांची होती. हॉस्पिटलात बाहेरच्या बाकावर सकाळपासून बसून होती. मुलगा झाला होता. राहिला नाही. बावीस वर्षं झाली त्याला, विषय संपला. इथे तो का लिहिला कळत नाही. त्याचा माझ्या कामाशी संबंध नाही.

४ मार्च
नियम क्रमांक तीनमध्ये छोटी दुरुस्ती: रंगीत खडू हे खेळणं नव्हे, साधन आहे. बॅगेत बारा खडू, एक वही, एक हातात घालायची बाहुली (हीसुद्धा साधनच).

आत्या आज म्हणाली, सगळं तुम्हीच करताय, मग मी नेमकं काय करायचं? मी म्हटलं, तुम्ही नुसत्या आसपास असा. ती म्हणाली, नुसतं आसपास असायला रजा कशाला टाकू? मी म्हटलं, खरंय, नका टाकू. खोलीत गर्दी कमी झालेली बरी. किती सहज सुटला प्रश्न!

संध्याकाळी बाईचा फोन. आत्या येणारच ना त्या दिवशी? जरा काळजीत वाटली. मी म्हटलं, तुम्ही निर्धास्त राहा, मी आहे. हल्ली हे वाक्य मला फार छान जमतं.

१२ मार्च
भाषणाचा कच्चा खर्डा तयार. सुरुवात झकास झाली आहे. मधल्या भागात उदाहरणं घालायची आहेत. ती या केसमधून मिळतीलच.

श्वासाचा सराव राहिला आहे. पुढच्या भेटीत नक्की.

२० मार्च, संध्याकाळ
बाळ झालं. मुलगी. बाळ-बाळंतीण सुखरूप. भाषणासाठी सगळं क्रमवार लिहून ठेवते.

सकाळी ९.१०. कळा सुरू. नवरा तिकडून निघाला, पण उद्या पोचणार. आत्याने भिंगरीला प्रसूतिगृहात सोडलं. रजा टाकलेली नव्हती. म्हणाली, बोलवलंत की येते, चाळीस मिनिटं लागतील.

११.४०. उत्तम चाललं होतं. बाईचा हात माझ्या डाव्या हातात, भिंगरीचा उजव्या. थोरल्या सिस्टर म्हणाल्या, मुलीचं माणूस कुठे आहे? मी म्हटलं, मीच. त्या म्हणाल्या, आणि आईचं? मी म्हटलं, तेही मीच. त्यांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाल्या, आत्याला बोलावून घ्या, अजून वेळ आहे. मी म्हटलं, गरज नाही.

१.२५. कळांचा जोर वाढला. बाई ओरडली. भिंगरी दचकली, मग माझ्या कानात म्हणाली, आईला दुखतंय का?  मुलांनी हे असं ऐकू नये. बाईला म्हटलं, पाच मिनिटांत आले. तिने हात लगेच सोडला नाही, बोटं एकेक सोडवावी लागली. भिंगरीला बाहेर घेऊन आले. आवाज येऊ नये म्हणून दार लावून घेतलं.

बाहेर बाक होता, दारापासून सहा पावलांवर. मी भिंगरीला मांडीवर घेतलं, खडू काढले. ती म्हणाली, मला आत जायचंय. मी म्हटलं, जरा थांब, घाबरशील. ती म्हणाली, मी नाही घाबरत. मी म्हटलं, घाबरतेस, मला माहीत आहे. तिने माझ्या बॅगेचा पट्टा ओढला, पुन्हा तेच. मी तिला घट्ट धरून ठेवलं. कुणीतरी धरून ठेवायला हवं होतं.

सिस्टर एकदा डोकावल्या. म्हणाल्या, बाई, एक काय ते ठरवा, आतल्या का बाहेरच्या? मी म्हटलं, आलेच.

आतून दोनदा हाक आली. ताई. मग पुन्हा, ताई. मी बाकावरूनच मोठ्याने म्हटलं, आले, आले. ते आत ऐकू गेलं असणार.

३.०५. बाळाचं रडणं. मी भिंगरीला मांडीवरून उतरवलं आणि उठले. सिस्टरने मला टिश्यू दिला. सर्दी आहे, म्हटलं.

एकंदरीत यशस्वी. पाच मिनिटांचे शंभर झाले एवढंच. पण मी तिथेच होते. सहा पावलं म्हणजे काही लांब नव्हे.

२२ मार्च
भेटायला गेले. नवरा आलेला, बाळाला घेऊन फेऱ्या मारत होता. बाई छान बोलली, चहा विचारला. त्या दिवसाबद्दल काहीच म्हणाली नाही, म्हणजे समाधानी आहे. तिचा उजवा तळहात मात्र सोललेला दिसला. विचारणार होते. राहून गेलं.

भिंगरी आत्याजवळ बसून स्टिकर चिकटवत होती. मी खडू काढले. तिने बघितलं नाही. मी म्हटलं, मावशीवर रुसलीस? तर म्हणाली, दार तूच लावलंस.

मुलं काहीही बोलतात. आत्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्याकडे बघितलंही नाही.

माझा अभिप्राय-फॉर्म ठेवून आले. चारच प्रश्न, माझे मीच काढलेले.

३ एप्रिल
आत्याने फॉर्म बंद पाकिटात आणून दिला. उघडला नाही. कल्पना सुचली: वर्कशॉपमध्ये सगळ्यांसमोर फोडायचा. आपल्या कामावर विश्वास असला की असं करता येतं, हे मुलींना दिसेल.

५ एप्रिल, दुपार
वीस मुली होत्या. नियमांचा कागद हातोहात फिरला. भाषण चाळीस मिनिटं, कुणी जांभई दिली नाही. शेवटी पाकीट फोडलं आणि खड्या आवाजात एका दमात वाचलं.

डूला वेळेवर आली का? हो.
तिचा स्वभाव कसा वाटला? फार प्रेमळ.
मोठ्या मुलाकडे लक्ष दिलं गेलं का? हो, सगळा वेळ.
कळांमध्ये सर्वांत जास्त आधार कशाचा वाटला? खाटेच्या दांड्याचा.

मुली हसल्या. त्यांना वाटलं मी मुद्दाम गंमत केली. मीही हसले. मग पहिल्या रांगेतली एक हसायची थांबली, मग तिच्या शेजारची. अध्यक्षबाई म्हणाल्या, चला, चहा घेऊ या.

अक्षर सुबक आहे बाईचं. ओळी सरळ. रागाने लिहिलेलं नाही. विचारलं त्याचं उत्तर दिलंय, इतकंच.

तो हात मी सोडवून घेतला. बोटं एकेक.

६ एप्रिल, रविवार
मुलीचा फोन. चौथं मिनिट संपत आलं तेव्हा मी विचारलं, तुझ्या भावाच्या वेळी बाहेर बाकावर बसली होतीस, तेव्हा फार घाबरली होतीस का?

 ती म्हणाली, बाकाचं काय नाही गं आई. तिथे झाडलोट करणाऱ्या मावशी होत्या. त्यांनी डब्यातलं अर्धं मला दिलं. मी त्यांच्या मांडीवर झोपले होते.

म्हणजे ती एकटी नव्हती. बावीस वर्षं मी तिला त्या बाकावर एकटीच बघत आले.

म्हणाली, पण तू घरी आलीस आणि मला म्हणालीस, जा, हात धुऊन ये. बाळाचं काही सांगितलंच नाहीस. मला वाटलं नंतर आणणार आहात. मी त्याच्यासाठी एक खोडरबर घेऊन ठेवलं होतं. दुसरीत जाईपर्यंत दप्तरात होतं.

मग तिने विचारलं, कसा दिसत होता गं तो?

माझ्या डोळ्यांसमोर आहे तो. अगदी कानाच्या पाळीसकट. मी म्हटलं, गॅसवर दूध आहे, पुढच्या रविवारी सगळं सांगते. ती म्हणाली, बरं. आणि फोन ठेवला.

गॅसवर काही नव्हतं. पण सांगणार आहे. पुढच्या रविवारी नक्की. कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवलं आहे.