भुवईतली खूण

३ मार्च, मंगळवार

हवालदार स्टुडिओत आले तेव्हा मी कॉम्प्युटरवर एका नवरीच्या फोटोतल्या पुटकुळ्या काढत होते. त्यांनी मालकांना बाजूला घेतलं, कुजबुजले. मालक माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "बाई, जरा वेगळं काम आहे. नको म्हणालात तरी चालेल."

नको म्हणाले नाही. पुलाखाली सापडलेला माणूस. तिशीतला असेल. खिशात कागदाचा कपटाही नव्हता. तोंड खरचटलेलं, फुटलेलं, डोळे अर्धवट मिटलेले. हवालदार म्हणाले, "असाच फोटो लावला तर लोक तोंड फिरवतात हो. जरा बघण्यासारखा करून द्या, म्हणजे घरचे ओळखतील." शवागारात पंधरवडाभर ठेवतात म्हणे. तोवर कोणी आलं नाही तर बेवारस म्हणून उरकून टाकतात.

उरकतात! हाच शब्द वापरला त्यांनी.

४ मार्च

झालं काम. मूळ फोटो तळाशी, त्याला हात लावायचा नाही – हे मालकांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. त्यावर एकेक लेयर चढवायचा, फोटोवर काच ठेवावी तसा. जे काही करायचं ते काचेवर. बिघडलं तर काच काढायची, खालचा माणूस जसाच्या तसा.

गालावरची धड कातडी नक्कल उठवणाऱ्या स्टॅम्पने उचलली आणि जखमांवर ठेवली. कडा इरेजरने पुसट केल्या. नवऱ्यामुलींना करते तेच सगळं. डोळ्यांचा लेयर वेगळा केला. पापण्या वर घेतल्या, बुबुळं बारीक ब्रशने रंगवली. त्यातच अर्धा दिवस गेला.

मालक मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "आता बोलेल की काय हा!" मी खूश झाले. झाले खरी, इथे खोटं कशाला लिहू.

६ मार्च

पोस्टर लागलेत. बाजारात, दवाखान्याच्या भिंतीवर, बसथांब्यावर. बसची वाट बघता बघता त्याच्याकडेच बघत राहिले. लोक तोंड फिरवत नाहीत, थांबून वाचतात. कुणीतरी ओळखेलच.

९ मार्च, सोमवार

कुणी आलेलं नाही. दुपारी हवालदार डॉक्टरांचा कागद घेऊन आले. "डाव्या भुवईत जुनी खूण, असं लिहिलंय. तुमच्या फोटोत दिसत नाही ती."

फाइल उघडली. जखमांच्या लेयरशेजारचं डोळ्याचं चिन्ह बंद केलं, तसा तो लेयर दिसेनासा झाला. खाली खूण होती. भुवई मधोमध चिरलेली, तेवढ्या जागी केस नाहीत. मी ती भरून काढली होती. केस रंगवून नीट जुळवली होती. कधी केलं, देवाशपथ आठवत नाही. हातानेच केलं. इतकी वर्षं नवऱ्यामुलींचे व्रण, डाग, कांजिण्यांचे खड्डे काढतेय – खूण दिसली की हात फिरतो, विचारायला थांबत नाही.

त्याच्या घरची माणसं कदाचित त्या भिंतीसमोरून गेली असतील. भुवई चिरलेली नाही हे बघून पुढे गेली असतील. माझ्यामुळे.

घरी ह्यांना सांगितलं. हे भिंतीवरच्या आमच्या दोघांच्या फोटोकडे बोट करून म्हणाले, "माझ्या हनुवटीवरचा टाका तरी कुठे ठेवलायस तू त्यात." चेष्टेतच म्हणाले, मला धीर यावा म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१० मार्च

नव्याने करायला घेतलं. तो लेयर नुसता बंद करून भागेना, कारण खुणेबरोबर सगळ्या जखमाही वर येतात. एका कामाला एक लेयर, एवढा साधा धडा, आणि मी सगळं एकाच काचेवर सारवून ठेवलेलं! टाकून दिला तो.

हवालदारांना शेजारी बसवलं. प्रत्येक जागेला विचारलं – ही ताजी की जुनी? ताजी जखम लाल, सुजलेली. जुनी फिकट, चकाकते. ताज्या तेवढ्या भरल्या, प्रत्येकीला वेगळा लेयर. भुवई ठेवली. कानाची वाकडी पाळी ठेवली, तीही मी सरळ केली होती. नाकावरचे खड्डे ठेवले. मालक जाता जाता म्हणाले, "पहिला जास्त छान होता."

हवालदार म्हणाले, शवागारातली मुदत पुढच्या आठवड्यात संपते.

११ मार्च

नवे पोस्टर लागले, जुन्यांच्या वरच. घरी चालत आले आणि वाटेतला एकेक बघून घेतला. भुवई सगळीकडे नीट उमटलीय.

१३ मार्च

फोन नाही.

१४ मार्च, शनिवार

ओळख पटली. आई आली त्याची. भुवईवरूनच, हवालदार म्हणाले. फोन ठेवला आणि स्टुडिओच्या मागच्या खोलीत जाऊन रडले. सुटल्यासारखं वाटलं. पण मन खातंय ते खातंयच. पहिल्यांदाच हात आवरला असता तर त्या बाईचं पोर इतके दिवस अनोळखी थंड पेटीत पडून राहिलं नसतं. हवालदारांना तसं म्हणालेही. "सोडा हो बाई," म्हणाले. कसं सोडू?

१७ मार्च, मंगळवार

आज ती आई स्टुडिओत आली, फोटोची प्रत मागायला. मी हात जोडले. खूण माझ्या हातून पुसली गेली, तुम्हाला उशीर झाला, माफ करा, म्हणाले. ती शांतपणे म्हणाली, "पोरी, पहिला फोटो लागला त्याच दिवशी बघितला मी. बघितल्याबरोबर कळलं. पण भुवईत खूण नव्हती. म्हटलं, खूण नाही म्हणजे माझा नाही. घरी गेले, स्वयंपाक केला, त्याचं ताट झाकून ठेवलं. रोज ठेवत होते. मग तुम्ही दुसरा लावलात."